तिघांनी मिळून केलेली ट्रायथलॉन कोणाची?

प्रश्न : माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र दिवाळीच्या सुमारास गोव्याला जाऊन आले. गळ्यात पदकं घालून परतले आणि 'आम्ही हाफ आयर्नमॅन केली' असं सगळ्यांना सांगू लागले. चौकशी केली तेव्हा कळलं, की एक जण पोहला, दुसऱ्याने सायकल चालवली आणि भाचा नुसता धावला. मी शाळेत असताना चार बाय शंभरची रिले धावलो आहे. तिथे चौघंही एकच काम करतात. पण तीन निरनिराळ्या खेळांची शर्यत वाटून घेतली, तर ती 'केली' असं म्हणावं का? वाटल्यावर तिच्यात अवघड काय उरतं? आणि समुद्रापासून इतक्या लांबच्या आपल्या नागपूरला हे वेड लागलं कुठून?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : म्हणावं, आणि मोकळेपणाने म्हणावं. मी एकट्याने ट्रायथलॉन केली आहे आणि मित्रांबरोबर रिलेतही उतरलो आहे. दोन्हींची दमणूक वेगळी असते, एवढं खात्रीने सांगतो. तुमची शंका मात्र रास्त आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला रिलेत फक्त अंतराची वाटणी दिसते. अंतर खरंच वाटलं जातं. जबाबदारी मात्र प्रत्येकावर पूर्णच्या पूर्ण येते आणि तिच्यावर दुसऱ्यांच्या मेहनतीची भर पडते.

हाफ आयर्नमॅन म्हणतात त्या शर्यतीचं अधिकृत नाव आयर्नमॅन ७०.३. तिन्ही प्रकारांची अंतरं मैलांत मिळवली की ७०.३ भरतात. आपल्या मापात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं. भारतात ती पहिल्यांदा २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. एकट्या स्पर्धकाला सगळं मिळून ८ तास ३० मिनिटं असतात. रिले संघालाही तेवढीच. पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं, ही मर्यादाही दोघांना सारखी. एकटा स्पर्धक पाण्यातून उशिरा बाहेर आला, तर त्याची एकट्याची शर्यत संपते. संघातला पोहणारा उशिरा आला, तर हेल्मेट घालून उभा असलेला सायकलवाला आणि त्याच्या मागचा धावणारा, दोघंही आपापला भाग सुरूच न करता बाद होतात. वर्षभर पहाटे उठून घाम त्यांनीही गाळलेला असतो. हे ओझं डोक्यावर घेऊन पोहणाऱ्याला पाण्यात उतरावं लागतं.

तुम्ही शाळेत धावलात तेव्हा हातात बॅटन होती. ट्रायथलॉनच्या रिलेत तिच्या जागी घोट्याला बांधायची एक पट्टी असते आणि त्या पट्टीत वेळ नोंदवणारी चिप. पोहणारा किनाऱ्यावरून पळत ट्रान्झिशनच्या, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याच्या, आवारात येतो. सायकलवाला आपल्या सायकलीच्या स्टँडपाशीच थांबलेला असतो. हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा आणि मगच सायकलला हात लावायचा, असा कडक नियम. पोहणाऱ्याच्या घोट्याची पट्टी सोडायची, सायकलवाल्याच्या घोट्याला बांधायची. ९० किलोमीटर फिरून सायकल परत आली, की ती आधी स्टँडला अडकवायची आणि मग पट्टी धावणाऱ्याच्या पायाला. वाचायला सोपं वाटतं. पण खाऱ्या पाण्याने बधिर झालेल्या बोटांना वेल्क्रोचं टोक सापडत नाही, तीन-साडेतीन तास सायकलवर वाकलेल्या माणसाला पटकन खाली बसता येत नाही, आणि जवळून दुसरे संघ भराभरा सुटत असतात. आमच्या संघात सायकल एक मैत्रीण चालवते. ती उतरली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहतो, कशी आहे ते कळावं म्हणून. तिचं अस्सल नागपुरी ठरलेलं असतं, "काहून पाहून राहिला बे, पट्टी घे ना!"

मी धावतो. त्यामुळे तुमच्या भाच्याच्या 'नुसतं धावला' या वाट्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. तिघांत धावणाऱ्याचं काम सोपं, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्याची शर्यत पहाटे सुरू होते आणि त्याचे पाय हलतात ते ऊन डोक्यावर आल्यावर. पोहणाऱ्याबरोबर अंधारात उठायचं, किनाऱ्यावर जायचं, त्याला निरोप द्यायचा. पाण्यात शेकडो रंगीत टोप्या सारख्याच दिसतात. आपला माणूस कुठला ते ओळखू येत नाही, तरी नजर हटत नाही. तो सुखरूप बाहेर आला की पुढे तीन-साडेतीन तास सायकलची वाट बघायची. हौशी संघाचं पोहणं आणि सायकल मिळून चार तासांच्या पुढे सहज जातं. म्हणजे २१ किलोमीटर धावायला सुरुवात होते ती अकराच्या आसपास, किनाऱ्यावरच्या दमट उन्हात.

या चार तासांचं करायचं काय, हाच धावणाऱ्याचा खरा अभ्यास. एकटा स्पर्धक सायकलवर बसल्या बसल्या खातो-पितो, त्याचं शरीर आधीच तापलेलं असतं. रिलेतल्या धावणाऱ्याने पहाटे पोटभर खाल्लं तर अकरापर्यंत ते जिरून जातं, आणि दहाला खाल्लं तर धावताना पोटात गोळा येतो. म्हणून पहाटे थोडं, आणि सायकल सुटल्यावर पहिल्या तासाभरात केळी किंवा मिठाचा उकडलेला बटाटा असं हलकं काही, हे आमचं जमलेलं गणित. उभं राहायचं नाही, सावली धरून बसायचं. मैत्रिणीला सव्वातीन तास लागतील असा अंदाज असतो. पण चाक पंक्चर झालं, वारा उलटा लागला, तर तो कोलमडतो. म्हणून अंग दोनदा मोकळं करावं लागतं, एकदा अंदाजाने आणि एकदा ती दिसल्यावर. सायकलच्या रस्त्यावर काय चाललं आहे ते आपल्याला कळत नाही. दर मिनिटाला नवी काळजी सुचते. ती घसरली असेल का? पाणी संपलं असेल का? एकट्याने केलेल्या शर्यतीत ही काळजी नसते. तिथे जे काही होतं ते आपल्याच शरीरात होतं आणि लगेच कळतं.

आणि पट्टी पायाला लागल्यावर दुसरीच परीक्षा. आजूबाजूचे बहुतेक जण पोहून, सायकल चालवून आलेले, जड पायांनी चाललेले. आपले पाय ताजे. एकेकाला मागे टाकत जाताना अंगात वारं शिरतं. या पहिल्या तीन किलोमीटरमध्ये जो हुरळतो, त्याला चौदाव्या-पंधराव्या किलोमीटरला चालावं लागतं. आपण नागपूरचे, उन्हाची सवय असलेले, अशा भरवशावर तर मुळीच राहू नये. नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो. घाम आला की वाळतो, आणि वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. गोव्याच्या दमट हवेत तोच घाम अंगावरून नुसता ओघळतो. पाणी जातं, मीठ जातं, उष्णता मात्र आत राहते. शरीराला नव्या हवेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि नोकरदार माणसाला तेवढे दिवस आधी गोव्यात जाऊन राहता येत नाही. त्यावर आमचा उपाय असा, की ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या पावसाळी उकाड्यात, ज्या दिवशी घरात बसूनही कपडे भिजतात त्या दिवशी, लांब धावण्याचा सराव चुकवायचा नाही. नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं. मिठाशिवाय फार पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस भोवंडून पडतो. मीठ घातलेलं ताक आणि आंब्याचं पन्हं ही आपल्याकडची पेयं सरावाच्या दिवसांत फार उपयोगी पडतात.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. काम वाटलं की माणूस सैलावतो का? कधी कधी सैलावतो, आणि ते मोजून पाहिलेलं आहे. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावण्याचे प्रयोग केले. ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकेकट्याच्या ओढीची बेरीज गटाच्या ओढीपेक्षा जास्त भरली. दोर ओढताना कोण किती जोर लावतो ते दिसत नाही, हे त्यामागचं एक कारण मानतात. उलट बाजू १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो कोहलर यांना दिसली. त्यांनी नौकानयन क्लबातल्या माणसांना वजन उचलायला लावलं, आधी एकट्याने, मग दोघांना एकच दांडी धरून. एकाने हात टेकले की दुसऱ्याचंही काम संपणार, अशी रचना. तेव्हा जोडीतला जो कमी ताकदीचा होता तो एकटा असतानापेक्षा जास्त वेळ टिकला, अर्थात दोघांच्या ताकदीत फार तफावत नसेल तर. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमधल्या जलतरणपटूंच्या वेळा तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनाही असंच आढळलं, की रिलेत मागच्या क्रमांकांवर पोहणारे स्वतःच्या वैयक्तिक वेळेपेक्षा जलद पोहतात. उडी मारण्यातला फायदा वजा केल्यावरही. पहिल्या क्रमांकाच्या पोहणाऱ्यात हा फरक दिसत नाही. आपल्यानंतर चूक सावरायला कुणी उरलेलं नाही, ही जाणीव जसजशी वाढते तसतसा जोर वाढतो.

रिले आणि दोर ओढणं यांत नेमका हा भेद आहे. रिलेत प्रत्येकाचं काम वेगळं दिसतं, वेगळं मोजलं जातं आणि त्यावाचून पुढचं काम सुरूच होत नाही. इंग्लिश खाडीच्या रिलेचा नियम तर फारच कठोर. प्रत्येकाने एक तास पोहायचं, ठरलेला क्रम शेवटपर्यंत बदलायचा नाही, अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, आणि एकाने जरी आपली पाळी सोडली तर सगळ्यांचा प्रयत्न रद्द. २४ जून २०१८ रोजी चार भारतीय दिव्यांग जलतरणपटूंनी ही खाडी रिलेने १२ तास २६ मिनिटांत पार केली. मध्य प्रदेशचा सत्येंद्रसिंह लोहिया, राजस्थानचा जगदीशचंद्र तेली, पश्चिम बंगालचा रिमो साहा आणि आपल्या महाराष्ट्राचा चेतन राऊत. थंड पाण्यात एक तास, मग बोटीवर कुडकुडत बसणं, अंग जरा गरम होतंय तोवर पुन्हा पाळी. या चौघांपैकी कुणी 'मी खाडीचा चौथा हिस्सा पोहलो' असं म्हणावं, असं तुम्हाला वाटतं का?

जपानमध्ये लांब पल्ल्याच्या रिलेला एकिडेन म्हणतात. पहिली १९१७ मध्ये क्योटो ते टोकियो अशी तीन दिवस चालली. तिथे बॅटनऐवजी खांद्यावरून तिरका पट्टा घेतात. हाकोने एकिडेन ही विद्यापीठांची शर्यत १९२० पासून चालत आली आहे. दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला, दहा धावपटू, दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर. एखादा संघ फार मागे पडला तर पुढच्या धावपटूला वेळेवर सोडतात, पण आधीच्याचा पट्टा न मिळताच. संघ शर्यतीत राहतो, तरी आपल्या विद्यापीठाचा पट्टा वाटेत तुटला म्हणून ही मुलं ढसाढसा रडतात. गोव्याच्या नियमापेक्षा हा नियम सौम्य आहे. लागतो तेवढाच.

आपल्याही मातीत हे धावणं जुनं आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याने पायी टपालाची व्यवस्था बारकाईने लिहून ठेवली. मैलाच्या दर तिसऱ्या हिश्शाला एक ठाणं, तिथे कंबर कसून बसलेले धावक. येणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात घुंगुर लावलेली काठी. घुंगरांचा आवाज आला की पुढचा उठून तयार राहायचा. घोड्यांच्या टपालापेक्षा हे टपाल जलद जाई, असं तो म्हणतो. सुलतान दौलताबादला असताना त्याच्यासाठी गंगेचं पाणीसुद्धा असंच आणलं जाई, चाळीस दिवसांच्या वाटेवरून. आपल्या देवगिरीच्या पायथ्याशी येऊन पोचणाऱ्या त्या शेवटच्या धावकाने किती अंतर कापलं असेल? मैलाचा तिसरा हिस्सा. पण पाणी त्यानेच पोचवलं.

आणखी एक गोष्ट तुमच्या भाच्याला जरूर सांगा. ज्या आयर्नमॅनचं नाव एकट्याच्या जिद्दीशी जोडलं जातं, तिची कल्पनाच एका रिलेच्या बक्षीस समारंभात निघाली. हवाईमध्ये १९७७ साली ओआहू बेटाभोवती पाच-पाच जणांच्या संघांची धावण्याची रिले झाली. बक्षिसं वाटताना वाद रंगला, जास्त तंदुरुस्त कोण, धावणारे की पोहणारे? नौदलातले जॉन कॉलिन्स म्हणाले, सायकलवालेही आहेतच की. मग बेटावरच्या पोहण्याच्या, सायकलच्या आणि मॅरेथॉनच्या तिन्ही शर्यती एकापाठोपाठ एक करून पाहू. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली आणि गॉर्डन हॉलर पहिला आला. आता ऑलिम्पिकमध्येही ट्रायथलॉनची मिश्र रिले आहे, टोकियोपासून. दोन स्त्रिया, दोन पुरुष, आणि प्रत्येक जण तिन्ही प्रकार थोडे थोडे करतो. २०२४ मध्ये पॅरिसला ती जर्मनीने जिंकली.

राहिला नागपूरचा प्रश्न. इथे धावणारे, सायकल चालवणारे, पोहणारे आधीपासून होते, पण आपापल्या कोपऱ्यात. शहराने या खेळाकडे मान वळवून पाहिलं ते २०१७ मध्ये, असं माझं मत आहे. त्या वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत एकट्याने, पहिल्याच प्रयत्नात, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. त्यांच्या काही तासच आधी नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ पोचले होते आणि ती एकट्याने पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढच्याच वर्षी समर्थांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक अशी ९,००० किलोमीटरहून लांब ट्रान्स-सायबेरियन शर्यतही पूर्ण केली. नागपूरचा एक डॉक्टर हे करू शकतो म्हटल्यावर पुष्कळांनी माळ्यावरची सायकल खाली काढली.

त्याआधी, २०१५ मध्ये, नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी हीच अमेरिकेतली शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली होती, ८ दिवस १४ तासांत. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत डोळा लावून, आणि पाळी आली की पुन्हा रस्त्यावर. तिथे बॅटन किंवा पट्टी नसते. येणाऱ्याचं चाक जाणाऱ्याच्या चाकाच्या बरोबरीला आलं की बदल झाला असं मानतात. महाजन भावांच्या रिलेला कुणी कमी लेखत नाही. आणि जो एकट्याने जातो त्याच्याही मागे गाडी असते, रस्ता सांगणारा असतो, भरवणारा असतो, रात्री झोप लागू नये म्हणून बोलत राहणारा असतो. निकालपत्रात नाव एकाचं येतं, एवढंच.

समुद्र नसल्याने आमचं अडतं हे खरं. पन्नास मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ३८ फेऱ्या. खाली निळी रेघ, दोन्ही टोकांना भिंत. समुद्रात रेघ नाही आणि भिंतही नाही. डोकं वर काढून दिशा बघत पोहावं लागतं, आणि नेमकं त्याच वेळी लाट तोंडावर येते. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तलाव शहराला लागून आहेत, पण ते सरावाला उतरण्याजोगे नव्हेत. म्हणून आमचा पोहणारा मित्र तरणतलावातच दर सहा हातांनी मान वर काढायची सवय लावून घेतो, आणि मोकळ्या पाण्याचा सराव बोट व जीवरक्षक यांची सोय असेल तेव्हाच करतो. बाकी दोन प्रकारांना मात्र नागपूर फार उदार आहे. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालचे रुंद रस्ते, सेमिनरी हिल्सचा चढ, तिथून उतरून फुटाळ्याचा काठ. धावणाऱ्याने आणखी काय मागावं? मे महिन्यात साडेचारला निघून साडेसहापर्यंत घरी परतायचं, एवढं पथ्य पाळलं की झालं. सायकल काटोल रोडला किंवा अमरावती रोडला. रविवारी घोळक्याने जातो. पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो आणि गप्पाही होतात. पण ७०.३ मध्ये पुढच्या सायकलच्या मागे चिकटून जायला बंदी असते, १२ मीटरचं अंतर ठेवावं लागतं. म्हणून मैत्रीण घोळक्यातून मुद्दाम सुटून अर्धा रस्ता एकटीच, वारा छातीवर घेत येते. परतल्यावर तर्री पोहे सगळ्यांचे बरोबर.

हे सगळं करून तुमचा भाचा अकराच्या उन्हात २१ किलोमीटर धावला असेल, तर त्याच्या पायाला जी पट्टी होती तिच्यात दोन मित्रांचे चार तास होते. त्याला 'आम्ही केली' म्हणू द्या.

प्रश्न : ट्रायथलॉनमध्ये पोहणं नेहमी पहिलंच का असतं? उलट क्रम का ठेवत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, वर्धा

उत्तर : सुरक्षिततेसाठी. दमलेला धावणारा चालू शकतो, दमलेला सायकलवाला उतरू शकतो, पण दमलेल्या पोहणाऱ्याला पाण्यात थांबायला जागा नसते. शिवाय सकाळी वारा कमी आणि पाणी शांत असतं. सुरुवातीला मात्र असा क्रम नव्हता. ट्रायथलॉन या नावाची पहिली आधुनिक शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथे संध्याकाळी झाली, तेव्हा धावणं आधी आणि पोहणं शेवटी होतं. मागे राहिलेले पोहत असताना अंधार पडला आणि किनाऱ्यावर मोटारींचे दिवे लावावे लागले. त्या दिवशी उतरलेल्यांत जॉन कॉलिन्सही होते. हवाईच्या शर्यतीत पोहणं पहिलं ठेवलं गेलं.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी, सगळ्या पंचेचाळिशीच्या पुढच्या. एकीला सायकल छान येते, मी चालते-पळते, पण पोहता कुणालाच येत नाही. आम्ही रिले करू शकतो का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नक्की करू शकता, आणि ७०.३ पासून सुरुवात करण्याची गरज नाही. स्प्रिंट ट्रायथलॉन ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं एवढीच असते. त्याहून सोपी ड्युएथलॉन. तिच्यात पोहणं नसतं, धावणं, सायकल, पुन्हा धावणं. तिघींना ती आजही वाटून घेता येईल. एखाद्या रविवारी आपल्याच गल्लीत करून बघा.

तोवर तिसरीने तरणतलावात नाव घालावं. पंचेचाळिशीत पोहणं शिकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, घाई न करता शिकल्या आणि नीट शिकल्या. प्रशिक्षकासमोर आधी पाण्यात श्वास सोडायला शिकायचं, तरंगायला शिकायचं. हातपाय मारणं त्यानंतर. सलग ७५० मीटर जमू लागले तरी तलावात किंवा समुद्रात एकटीने उतरायचं नाही, कितीही सराव झाला तरी. आणि सुरुवात करण्यापूर्वी तिघींनी एकदा डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्या. कोणी कुठला भाग घ्यायचा ते ठरवताना सगळ्यात जलद कोण एवढंच पाहू नका. जी शेवटी धावणार तिला उन्हात तासन्‌तास थांबावं लागणार आहे, तेव्हा ऊन सोसणारी आणि वेळेवर खाणारी मैत्रीण तिथे ठेवा.